देवाशिवाय नीती टिकते का?



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा कुणी बाबासाहेबांच्या आठवणी लिहितो, कुणी कविता देतो, कुणी विहार कसा उभा राहिला ते सांगतो. या लेखात एका प्रश्नाचा इतिहास मांडायचा आहे. हा प्रश्न आपल्यातल्या बहुतेकांना कुणी ना कुणी विचारलेला असतो. कारखान्यात डबा खाताना, ऑफिसात, नळावर पाणी भरताना, कधी आपल्या मुलांना शाळेत. प्रश्न साधा असतो, "तुमच्यात देव नाही म्हणता. मग वाईट वागायला भीती कुणाची?"

विचारणारा प्रत्येक जण कुत्सितपणेच विचारतो असे नाही. कित्येकांना खरोखरच वाटते की, वर बघणारा कुणी नसेल तर माणूस मोकाट सुटेल. आणि आपल्यापैकी अनेक जण उत्तर देताना अडखळतात. "आमचा धम्म विज्ञानवादी आहे" एवढे म्हणून आपण वेळ मारून नेतो. पण ते काही उत्तर झाले नाही. विज्ञान आपल्याला बॉम्ब कसा करायचा ते सांगते, तो टाकावा की टाकू नये हे सांगत नाही. ते नीती सांगते. मग नीती कशावर उभी आहे? या प्रश्नावर जगातल्या थोर माणसांनी अडीच हजार वर्षे डोके खर्ची घातले आहे, आणि त्यात आपल्या तथागतांचे आणि बाबासाहेबांचे उत्तर सर्वांत निराळे आणि सर्वांत अवघडही आहे. कसे, ते क्रमाने पाहू.

अथेन्सच्या म्हाताऱ्याचा सवाल

ग्रीस देशात अथेन्स नावाच्या नगरात सॉक्रेटिस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. इसवी सनापूर्वी ३९९ साली त्याच्यावर खटला भरला गेला. नगराचे देव तो मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, असा आरोप होता. न्यायसभेने त्याला दोषी ठरवले आणि त्याने शांतपणे विषाचा पेला प्याला.

त्याचा शिष्य प्लेटो याने गुरूचे अनेक संवाद लिहून ठेवले. त्यातल्या एका संवादात सॉक्रेटिसला युथिफ्रो नावाचा एक गृहस्थ भेटतो. आपल्याला देवाधर्मातले सगळे कळते असा त्याचा दावा. सॉक्रेटिस त्याला विचारतो की, बाबा रे, चांगली गोष्ट देवांना आवडते म्हणून ती चांगली ठरते, की ती मुळातच चांगली असते म्हणून देवांना आवडते?

वरवर पाहता हा शब्दांचा खेळ वाटेल. पण जरा विचार करा. देवाला आवडते म्हणूनच एखादी गोष्ट चांगली, असे धरले तर उद्या देवाच्या नावाने कुणी माणसाला विहिरीवरून हाकलले, तर तेही चांगलेच म्हणावे लागेल. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला हेच आले होते. आणि गोष्ट मुळातच चांगली असते असे मानले, तर ती ओळखायला देवाची गरज उरत नाही. आपल्या बुद्धीने, अनुभवाने ती ओळखता येते. युथिफ्रोला उत्तर सापडले नाही. काम आहे असे सांगून तो निघून गेला. पण हाच सवाल तथागतांनी भारतात त्याच्याही आधी सोडवायला घेतला होता.

कालामांची शंका

कोसल देशात केसपुत्त नावाचे गाव होते. तिथे कालाम लोक राहत. भगवान बुद्ध चारिका करीत तिथे गेले तेव्हा कालामांनी आपली अडचण सांगितली. त्यांच्या गावी अनेक श्रमण-ब्राह्मण येत. प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणून सांगे आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करी. मग खरे कुणाचे मानायचे?

आता बघा, दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "माझे खरे!" तथागत तसे म्हणाले नाहीत. त्यांनी कालामांना सांगितले की, तुम्हाला शंका आली हे योग्यच आहे. केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात लिहिले आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका. लोभ, द्वेष आणि मोह यांच्या आहारी गेलेला माणूस हिंसा करतो, चोरी करतो, खोटे बोलतो, दुसऱ्यालाही तसेच करायला लावतो. यात त्याचे हित होते की अहित, हे तुम्हीच सांगा. कालाम म्हणाले, अहित. मग जे अहिताचे आहे, सुज्ञ लोक ज्याला नावे ठेवतात, ते तुम्ही स्वतः जाणून सोडून द्या.

अंगुत्तर निकायातल्या या सुत्ताचा हा भाग आपल्याकडे पुष्कळदा सांगितला जातो. पण त्याचा शेवट फारसा सांगितला जात नाही, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तर तिथेच आहे. भगवान म्हणतात त्याचा आशय असा की, ज्याचे मन निर्वैर आणि निर्मळ झाले त्याला चार दिलासे मिळतात. परलोक असेल, तर मेल्यानंतर त्याचे भलेच होईल. परलोक नसेल, तरी या जन्मी तो वैराशिवाय, दुःखाशिवाय सुखाने जगेल. वाईट करणाऱ्याला वाईट फळ मिळत असेल, तर त्याने वाईट चिंतलेलेच नाही, मग त्याला भय कसले? आणि मिळत नसेल, तरी तो दोन्ही बाजूंनी शुद्धच आहे.

म्हणजे काय झाले? परलोक आहे की नाही याचा निकाल लागण्याची वाट न पाहता नीती आपल्या पायावर उभी राहिली. मैत्री आणि करुणा यांचे फळ इथल्या इथे, चालत्या आयुष्यात मिळते. शेजाऱ्याशी वैर धरून झोपलेल्या माणसाची झोप कशी असते, हे सांगायला ग्रंथ लागत नाही.

सहा दिशांचा नमस्कार

नीती म्हणजे नुसते मनाचे पावित्र्य, असेही भगवंतांनी ठेवले नाही. राजगृहात सिगाल नावाचा गृहपतीचा मुलगा रोज पहाटे उठून, ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना हात जोडत असे. का, तर बापाने मरताना तसे सांगितले होते. भगवंतांनी त्याची चेष्टा केली नाही. ते म्हणाले, दिशांना नमस्कार करायचा तो असा नव्हे. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे मित्र आणि सोबती, खालची दिशा म्हणजे नोकर-चाकर आणि कामकरी, आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. यांच्याशी नीट वागणे हाच दिशांचा नमस्कार.

यातली मौज अशी की, प्रत्येक नाते दुहेरी सांगितले आहे. मुलाने आईवडिलांसाठी काय करावे ते आहे, तसे आईवडिलांनी मुलासाठी काय करावे तेही आहे. बायकोने काय करावे हे सगळेच धर्म सांगतात. इथे नवऱ्याने बायकोचा मान ठेवावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी प्रतारणा करू नये, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा, असे स्पष्ट सांगितले आहे. मालकाने कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, वेळोवेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी हे सांगितले गेले! ज्या गिरणीत आणि गोदीत आपल्या आजोबा-वडिलांनी घाम गाळला, तिथे यातली एक-एक गोष्ट मिळवायला संप करावे लागले.

याच सुत्तात पैसा बुडण्याची सहा दारे सांगितली आहेत : दारूचे व्यसन, अवेळी रस्त्यावर भटकणे, तमाशे आणि जत्रांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. दारूचे तोटेही मोजून सांगितले आहेत. पैसा जातो, भांडणे होतात, रोग जडतात, अब्रू जाते, लाज सुटते, बुद्धी मंद होते. देव कोपेल, नरकात जाशील, अशी भीती या यादीत कुठेच नाही. जे डोळ्यांना दिसते तेच सांगितले आहे. आपल्या वस्तीतल्या कुठल्याही बाईला विचारा, ही यादी तिला तोंडपाठ असते.

सोपाऱ्याचा दगड

तथागतांचा हा विचार एका राजाने राज्यकारभारात उतरवून दाखवला. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग जिंकले. त्या युद्धात दीड लाख माणसे पकडून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली, हे त्याने स्वतःच शिलालेखात कोरून ठेवले आहे. आपल्या विजयाची अशी कबुली देऊन त्याबद्दल दुःख व्यक्त करणारा दुसरा सम्राट जगाच्या इतिहासात शोधावा लागेल.

अशोकाचे लेख आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही आहेत, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. आजचे नालासोपारा म्हणजे पूर्वीचे शूर्पारक बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली तिथला स्तूप खणला. त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथे मिळाला. पुढे जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला, आणि तो सापडल्याचे साल आहे १९५६! ज्या वर्षी नागपुरात लाखो माणसे धम्माकडे परतली, त्याच वर्षी आपल्या किनाऱ्यावरून अशोकाचा दगड वर यावा, हा योगायोगच. पण मन भरून येते खरे.

आता या दोन लेखांत काय आहे ते पाहा. आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे मौजेच्या सहलींना आणि शिकारीला निघत. मी मात्र अभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीस्थानी, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटायचे, दान द्यायचे, खेड्यापाड्यांतल्या लोकांत जाऊन त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे.

नववा लेख तर जणू आपल्यासाठीच लिहिला आहे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारची मंगलकार्ये करतात. त्यातली पुष्कळशी क्षुल्लक आणि निरर्थक असतात, असे अशोक म्हणतो. बायका अशी कृत्ये फार करतात, असेही त्याने म्हटले आहे. पण आज गाडीला लिंबू-मिरची बांधणारे आणि मुहूर्त बघून दुकान उघडणारे पुरुषच असतात, तेव्हा दोष वाटून घ्यायला हवा! मग खरे मंगल कोणते? अशोकाचे उत्तर असे की, दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांशी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान. बाकीच्या विधींचे फळ मिळेल की नाही याचा भरवसा नाही. या मंगलाचे फळ मात्र वाया जात नाही.

अशोकाने परलोकाचा, स्वर्गाचा उल्लेख केला आहे, हे इथे सांगितले पाहिजे. तो त्या काळचा राजा होता, लोकांच्या भाषेत बोलत होता. पण कोणत्या देवाला काय वाहा, कोणता यज्ञ करा, हे त्याने सांगितले नाही. उलट पहिल्या लेखात तो सांगतो की, पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात. आता फक्त तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणसुद्धा रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. राजाने नीतीची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून केली होती.

आपण विहारात महामंगल सुत्त म्हणतो. त्यातही आईवडिलांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ आणि कुणाला अपाय न करणारा धंदा यांनाच मंगल म्हटले आहे. सोपाऱ्याच्या दगडावर राजाने सांगितलेले मंगल ते हेच.

जन्मावर ठरणारी नीती

पुढे काळ फिरला. मनुस्मृतीसारख्या ग्रंथांनी नीती जन्माला बांधून टाकली. गुन्हा एकच, पण करणारा कुणाच्या पोटी जन्मला यावर शिक्षा कमी-जास्त. एकाला ज्ञान हे कर्तव्य, दुसऱ्याला ज्ञान हे पाप. या व्यवस्थेला देवाचा आधार होताच! म्हणजे सॉक्रेटिसने विचारलेला धोका आपल्या देशात प्रत्यक्षात उतरला. देवाची सत्ता मानणाऱ्या समाजात शतकानुशतके माणसाला पाणी नाकारले गेले, आणि नाकारणाऱ्याला आपण काही वाईट करतो आहोत असे वाटलेसुद्धा नाही. देवाच्या भीतीने नीती टिकते म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करायला हवा.

या अंधारातही आवाज उठत होते. पंधराव्या शतकातल्या कबीरांनी पंडित आणि मुल्ला दोघांनाही खडसावले. काशीत मेल्याने मुक्ती मिळते आणि मगहरात मेल्याने दुर्गती होते, अशी समजूत होती; कबीर आयुष्याच्या अखेरीस मुद्दाम मगहरला जाऊन राहिले, असे परंपरा सांगते. आपली करणी चांगली असेल तर जागेने काय बिघडते? बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते, आणि बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले असे आपले तीन गुरू सांगितले, हे आपण जाणतोच.

जोतीराव, सावित्रीबाई आणि आगरकर

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न महाराष्ट्रात पुन्हा ऐरणीवर आला. जोतीरावांनी तरुणपणी थॉमस पेन या लेखकाचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ वाचला आणि त्यांच्या मनाने घेतले. ते निर्मिक मानत, म्हणजे ते निरीश्वरवादी नव्हते. पण त्यांचा निर्मिक कुणाला उच्च-नीच करीत नव्हता, दलाल ठेवत नव्हता. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. शेवटचा ग्रंथ त्यांनी पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाला. एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या धर्मांची असूनही प्रेमाने एकत्र नांदू शकतात, असे चित्र त्यांनी त्यात रंगवले.

पण जोतीरावांची नीती पुस्तकात कमी आणि घरात जास्त दिसते. १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगाला बळी पडल्या. त्यांना तिथे जायला कोणत्या भीतीने भाग पाडले होते? भीती असती तर त्या घरात बसल्या असत्या.

त्याच पुण्यात गोपाळ गणेश आगरकर होते. ते उघडपणे अज्ञेयवादी होते. ईश्वर असल्याचे आपल्याला कळलेले नाही, असे म्हणायला ते कचरले नाहीत. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' पत्र काढले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मोठ्या पगाराची नोकरी मिळत असूनही त्यांनी शिक्षणासाठी गरिबी पत्करली आणि चाळिशीही न गाठता १८९५ साली ते गेले. देव न मानणारा माणूस किती स्वच्छ जगू शकतो, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

बाबासाहेबांनी घातलेली भर

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथे जॉन ड्युई हे त्यांचे प्राध्यापक होते. नीतीचा विचार करताना ड्युई नियम आणि तत्त्व यांत फरक करीत. हा फरक बाबासाहेबांनी १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरच्या आपल्या प्रसिद्ध भाषणात, जे लाहोरच्या संयोजकांनी होऊच दिले नाही, त्यात फार प्रभावीपणे वापरला. नियम म्हणजे ठरीव पद्धत : हे कर, ते करू नको. तत्त्व म्हणजे विचार करायचे साधन. नियम पाळणाऱ्याला डोके चालवावे लागत नाही. तत्त्वाने वागणाऱ्याला आपल्या कृतीची जबाबदारी घ्यावी लागते. ज्या धर्मात नुसतेच नियम असतात, तिथे माणसाची जबाबदारी संपते.

ही गोष्ट पंचशीलाला लावून पाहा. "तू चोरी करू नकोस" अशी आज्ञा पंचशीलात नाही. "चोरीपासून दूर राहण्याची शिकवण मी स्वीकारतो" असे आपण म्हणतो. नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही बोलणारा 'मी'च आहे. वरून हुकूम देणारा कुणी नाही. शब्द मी दिला आहे, तो मोडला तर मीच खोटा ठरतो. भीतीपेक्षा हे अवघड आहे, कारण देवाला नवस बोलून चुकवता येईल, स्वतःला कसे चुकवणार?

त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट आपण फारशी ध्यानात घेतलेली नाही. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते म्हणतात की, नुसती नीती पुरेशी नाही. नीती चोरांतही असते! चोर आपापसात लूट इमानाने वाटून घेतात. व्यापारी एकमेकांना सांभाळतात. जातभाई जातभाईला मदत करतो. पण ही नीती आपल्या टोळीपुरती असते. टोळीबाहेरच्या माणसाला ती माणूस समजत नाही. म्हणून बाबासाहेब सांगतात की, नीती पवित्र आणि सार्वत्रिक झाली पाहिजे. पवित्र म्हणजे कुणीही आपल्या सोयीने मोडू नये अशी, आणि सार्वत्रिक म्हणजे सर्वांना सारखी लागू होणारी. तसे झाले नाही तर दुबळ्याला संरक्षण कुणाचे? म्हणून देवाची जी जागा इतर धर्मांत आहे, ती जागा धम्मात त्यांनी नीतीला दिली.

कायदाही एकटा पुरत नाही, हे घटनाकारालाच सर्वांत जास्त ठाऊक होते. समाजाला बांधून ठेवायला कायद्याचा तरी आधार लागतो नाहीतर नीतीचा, दोन्ही नसतील तर समाज फुटतो, असे त्यांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात लिहिले. आणि कायदा पोहोचतो कुठवर? जे मोजके लोक कायदा मोडतात, त्यांच्यापुरताच. बाकीच्यांना धरून ठेवते ती नीती. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पण शेजाऱ्याने प्रेमाने दारात बोलवावे, असे कलम कोण लिहिणार? तिथे बंधुता लागते, म्हणजेच मैत्री. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नसून आपले गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली, हे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर सांगितले ते उगाच नव्हे.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. टोळीबाहेर पडलेली नीती म्हणजे काय, ते यावरून कळते.

आपल्या दारातला प्रश्न

आता मंडळी, दुसऱ्यांकडे बोट दाखवून झाले. थोडे आपल्याकडे वळू.

आपण दर रविवारी पंचशील म्हणतो. पाचवे शील म्हणून झाल्यावर त्याच संध्याकाळी काही घरांत काय चालते, हे सांगायला नको. जयंतीच्या मिरवणुकीत किती तरुण शुद्धीवर असतात, हेही आपण डोळ्यांनी पाहतो. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली, तरी लग्न जुळवताना "आपल्यातलेच ना?" हा प्रश्न हळूच विचारला जातो, आणि त्या 'आपल्यातले' मध्ये जुनी पोटजात लपलेली असते. हुंड्याला 'मुलीला दिलेली भेट' म्हणून नाव बदलले, पण ओझे बापाच्याच डोक्यावर राहिले. सवर्णांनी आपल्याशी टोळीची नीती वापरली म्हणून आपण लढलो. तीच नीती आपण आपल्याच धम्मबंधूशी वापरली, तर बाबासाहेबांना काय तोंड दाखवणार?

तेव्हा पुन्हा कुणी विचारले की, "तुमच्यात देव नाही, मग भीती कुणाची?" तर उत्तर असे द्यावे : भीतीने वागणारा माणूस भीती गेली की बदलतो. आम्ही भीतीवर नाही, शब्दावर वागतो. मात्र हे उत्तर तोंडाने देऊन चालत नाही. विचारणाऱ्या शेजाऱ्याचे लक्ष आपल्या घराकडे असते. आपल्या घरातली बाई सन्मानाने वागवली जाते का, आपला मुलगा रात्री कुठे असतो, उधारी आपण वेळेवर फेडतो का, कामावरच्या पोराशी आपण कसे बोलतो, यावरून तो धम्माची किंमत ठरवतो. बुद्धविहार दिव्यांनी उजळला आहे की नाही, यावरून ठरवत नाही.

एक छोटी सूचना करावीशी वाटते. दर पौर्णिमेच्या वंदनेनंतर अर्धा तास सिगालाच्या सहा दिशांतली एक दिशा घ्यावी. एका पौर्णिमेला आईवडील, दुसऱ्या पौर्णिमेला नवरा-बायको, तिसऱ्या पौर्णिमेला कामगार आणि मालक. भाषण कुणी करू नये. घराघरांतल्या माणसांनी, विशेषतः बायकांनी आणि तरुण पोरांनी बोलावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे. सहा महिन्यांत सहा दिशा पुऱ्या होतील. खर्च काही नाही. आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन नालासोपाऱ्याचा स्तूप दाखवून आणावा. आपल्या मंगलाची व्याख्या एका सम्राटाने याच मातीत दगडावर कोरून ठेवली होती, हे त्यांना तिथे उभे राहूनच कळेल.

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त सर्व उपासक-उपासिकांना मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!